रंग नियमांनी सोलला नाही

‘पर्यावरणाचे नियम आले आणि गाडीच्या रंगातला दम गेला,’ असं अमेरिकेतले जुन्या मोटारींचे शौकीन आजही म्हणतात. पुरावा म्हणून १९८०च्या दशकाअखेरीच्या आणि १९९०च्या सुरुवातीच्या गाड्या दाखवतात. टपावरचा, बॉनेटवरचा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. पुरावा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा.

आधी त्यांचं सुवर्णयुग तपासू. त्या काळचा लॅकर रंग केवळ थिनर उडून वाळायचा. त्याच्या रेणूंची पक्की वीण बनतच नसे. म्हणूनच वाळलेल्या रंगावर थिनर सांडला, की तो पुन्हा विरघळे. उन्हाने तो निस्तेज होई, त्याला तडे जात; चकाकी टिकायची ती मालकाच्या पॉलिशवर. आणि उडालेला थिनर? उन्हात नायट्रोजन ऑक्साइडांशी मिळून त्याचा ओझोन होई. या धुरक्यापायीच लॉस एंजेलिस परगण्याने १९६६ साली थिनरच्या वाफांवर मर्यादा घालणारा ‘रूल ६६’ आणला.

आता पापुद्रे. काही कंपन्यांनी तळाचा गंजरोधक थर म्हणजे ई-कोट आणि वरचा रंग यांमधला सरफेसरचा थर गाळला. पातळ मेटॅलिक रंगातून अतिनील किरण थेट ई-कोटच्या इपॉक्सीपर्यंत पोचले, तिची भुकटी झाली आणि वरचा रंग सुटला. थर गाळल्याने थिनरच्या वाफा घटतात हे मान्य; पण खर्चही घटतो, आणि तसं करा असं नियम सांगत नव्हता. त्याच नियमांखाली सरफेसर राखणाऱ्यांवर ही आफत आली नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. थिनर कमी केलेल्या सुरुवातीच्या क्लिअरकोटांना, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरांना, आम्लपावसाने डाग पडत. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल त्यासाठीच कुप्रसिद्ध झालं. पण त्यावरचा उपाय लॅकरकडे परतणं हा नव्हता. आम्लाला दाद न देणारी नवी रसायनं आली.

मुळात गाडीचं आयुष्य वरच्या चकाकीपेक्षा गंजावर ठरतं. आणि गंजाशी लढणारा ई-कोट हा पाण्यातला रंग आहे. गाडीचा सांगाडा त्याच्या टाकीत बुडवला, की विद्युतप्रवाहामुळे तो फवारा पोचत नाही अशा पोकळ्यांतही चिकटतो. कमी प्रदूषण आणि जास्त टिकाऊपणा इथे एकाच टाकीत नांदतात.

हवेत काय सोडू नये, हे नियम ठरवतो. पत्र्यावर किती थर द्यायचे, हे कंपनी ठरवते. सुटलेल्या पापुद्र्यांचा जाब कंपनीलाच विचारायला हवा.