मायला समोर बसवा
चित्र शिकणारा माणूस हौसेने घरातल्याच कुणाचा चेहरा काढायला घेतो आणि तिथेच अडतो. यवतमाळच्या आमच्या ओसरीवर मायला समोर बसवलं, तेव्हा माझंही तसंच झालं. चित्रात डोळे फार वर गेले. डोक्याच्या उंचीच्या साधारण मधोमध डोळे येतात, दोहोंत जवळपास एका डोळ्याएवढी जागा असते, हे वाचलेलं होतं. पण हाताला ते मायच्या चेहऱ्यानेच शिकवलं. रंगाचंही तेच. कापूस वेचून रापलेला तिचा रंग नुसता तपकिरी नाही. उजेडात तो गेरूकडे झुकतो, सावलीत निळसर होतो. घरचंच माणूस समोर बसवणारे आपणच पहिले नाही. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी १९४५च्या सुमारास आपल्या मुलीला, गीताला, हाती दिवा देऊन उभं केलं आणि जलरंगात रंगवलं. ‘ग्लो ऑफ होप’ नावाचं ते चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. एवढ्या मोठ्या चित्रकारालाही दिव्याचा उजेड झेलायला घरचाच चेहरा जवळचा वाटला. म्हणून सांगतो, मोबाइलमधला फोटो बाजूला ठेवा. मायला, आजीला खिडकीजवळ बसवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या आणि अर्धा तास नीट बघा. चित्र चुकलं तरी चालेल. ते बघणं मात्र राहून जाऊ देऊ नका.