भाड्याने देणे आहे

(द्वितीय वर्ष, कला)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण करणाऱ्याचे एक सांगायचे राहून गेले, असे मला हल्ली वाटू लागले आहे. घर पाहावे भाड्याने देऊन!

आमचे आण्णा एस. टी.त ड्रायव्हर होते. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून १२ लाख रुपये हाती आले. आमच्या घरात एवढी रक्कम एकदम कोणी पाहिली नव्हती. मग काय, सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. सगळ्यांचे म्हणणे एकच, “पैसा जागेत घाला आणि भाडे खात बसा.” घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे आण्णांनी कागद-पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “तूच सांग, पोरी.”

एका एजंटाने पुण्याकडचा ४० लाखांचा फ्लॅट सुचवला होता. १२ लाख आपले, उरलेले २८ लाख दादाच्या नावावर कर्ज. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचे कर्ज धरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २४,३०० रुपये होतो. भाडे येणार १२,००० रुपये. म्हणजे उरलेले बारा हजार दरमहा दादाच्या पगारातून! ४० लाखांवर वर्षाचे भाडे १ लाख ४४ हजार, म्हणजे ३.६ टक्के. बँकेत ठेवीवर ७ टक्के धरले, तरी आमच्या १२ लाखांवर वर्षाला ८४ हजार रुपये बसल्या जागी मिळतात. जागेचा भाव वाढेल, असे एजंट म्हणतो. वाढेलही. पण वाढेल या भरवशावर हप्ता भरता येत नाही.

दुसरा मार्ग होता कराडातल्या आमच्या घरावर दोन खोल्या चढवण्याचा. इथे शिकायला येणारी मुले पुष्कळ. खर्च ७ लाख २० हजार. दोन खोल्यांचे भाडे महिना ८,०००. लोक लगेच बाराने गुणतात; मी दहानेच गुणले, कारण परीक्षा संपली की मुले गावी जातात आणि दोन महिने कुलूप राहते. आले ८० हजार. त्यातून घरपट्टी, रंग, नळ, मोटार यांचे १२ हजार वजा केले. उरले ६८ हजार, म्हणजे साधारण साडेनऊ टक्के. हा हिशेब पटला. तरी आण्णांना मी एक गोष्ट बजावली : बँकेतला पैसा अडीअडचणीला काढता येतो, भिंतीत घातलेला काढता येत नाही. म्हणून राहिलेल्या रकमेला हात लावायचा नाही. स्लॅब वरचा भार पेलेल का हे इंजिनिअरला दाखवायचे आणि नगरपालिकेची परवानगी आल्याशिवाय वीट चढवायची नाही.

आईला भीती वेगळीच होती. “भाडेकरू एकदा बसला की उठत नाही.” ही भीती उगीच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून टाकली होती. मुंबईच्या चाळींत भाडे नाममात्र राहिले, मालकांनी डागडुजी सोडली आणि इमारती खिळखिळ्या झाल्या. शेवटी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी गोठवून ठेवणे अवाजवी ठरवले. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागते.

पण हे संरक्षण कागद नीट असला तरच उपयोगी पडते. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. महाराष्ट्रात ती चूक आहे. या कायद्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी प्रथम खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुद्रांक शुल्क पाव टक्का! एवढ्यासाठी लोक धोका का पत्करतात?

इथवर हिशेब झाला. पण ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले, ते पुढेच आहे.

तीन वर्षांपूर्वी दादाला नोकरी लागली तेव्हा एका शहरात आम्ही खोली शोधत होतो. दारावर पाटी असायची. मालक चहाही विचारायचे. मग हळूच प्रश्न यायचा, “आडनाव काय म्हणालात?” आडनाव सांगितले की खोली ‘कालच गेलेली’ असायची. असे चार ठिकाणी झाले. परतताना आण्णा एस. टी.त खिडकीबाहेर बघत बसले होते. एक शब्द बोलले नाहीत.

आणि परवा आमच्या वरच्या खोल्यांना गिलावा चालू असताना एक मुलगा चौकशीला आला. आण्णांनी त्याचे कॉलेज विचारले, गाव विचारले. मग म्हणाले, “आडनाव काय?”

मी दारातच उभी होते. मला रडू आले. मुलगा गेल्यावर म्हणाले, “आण्णा, तुम्ही सुद्धा?” ते म्हणाले, “अगं, चार लोक राहतात शेजारी. आपल्याला भाड्याशी मतलब.”

मला वाटते, भाड्याशी मतलब असेल तर आडनावाशी नसावा. भाडेकरू वेळेवर पैसे देईल का, करारावर सही करील का, खोली नीट ठेवील का, हे मालकाने अवश्य विचारावे. त्यापलीकडचा प्रश्न हिशेबातही बसत नाही आणि माणुसकीतही नाही. काल ज्याला दारातून परत पाठवले, त्यानेच आज दार मिळताच ते लावून घ्यावे, तर आपण शिकलो काय?

पाटी लिहायचे काम माझ्याकडे आहे. ‘फक्त अमक्यांसाठी’ असे काही मी लिहिलेले नाही. ‘खोली भाड्याने देणे आहे’ एवढेच लिहिले आहे. आण्णांनी ती दोनदा वाचली आणि “खिळे आणतो” म्हणून बाहेर गेले. त्या मुलाचा फोन नंबर मात्र आम्ही घेतलाच नव्हता, ही चुटपुट मला लागून राहिली आहे.