पदवी आणि ओळख

दलित आत्मकथनांच्या समीक्षेत दोन शब्द हटकून येतात : वेदना आणि जिद्द. नायक एकटा, समोर निष्ठुर समाज, आणि तारून नेणारे एकमेव साधन शिक्षण, असा हा आराखडा असतो. तो सोयीचा असला तरी अपुरा आहे. शाळेचे दार कोण उघडते आणि मिळालेल्या पदवीचे चीज कोठे होते, या प्रश्नांना त्यात जागा नाही.

भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे पैशाअभावी शिक्षण अडण्याची वेळ आली असता केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. बुद्धी आंबेडकरांचीच, परंतु बडोद्याच्या दरबारापर्यंतचा दुवा एका शिक्षकाने जोडला. सुस्थित घरात असे दुवे जन्माबरोबरच लाभतात. मामा वकील असतो, शेजारी प्राध्यापक असतो. म्हणूनच तेथे ते कोणाच्या नजरेत भरत नाहीत, आणि यशाचे सारे श्रेय गुणवत्तेच्या खाती जमा होते.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीची १९४५ मधील स्थापना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. व्यक्तीच्या सौजन्यावर अवलंबून असलेला दुवा तिच्यामुळे संस्थारूप झाला. तिच्या औरंगाबाद येथील मिलिंद महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले, तेव्हा एका पिढीच्या शिक्षणातून पुढच्या पिढीचा लेखक आणि वाचकही घडला.

ओळखीचे जाळे दार उघडते, तसेच ते लावूनही घेते. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मधील अनुभव या बाबतीत बोलका आहे. संस्कृतची एम. ए. पदवी हाती असूनही त्यांना नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव पालटले, आणि थोड्याच काळात शासकीय महाविद्यालयात नेमणूक झाली. पदवी तीच, विद्वत्ता तीच. पालटले ते केवळ नात्यांचे वर्तुळ.

हे दुवे भाषेची सीमाही ओलांडतात. उत्तर प्रदेशातील ओमप्रकाश वाल्मीकि शस्त्रनिर्माणीच्या प्रशिक्षणासाठी अंबरनाथला आले आणि तेथे मराठी दलित साहित्याशी त्यांचा परिचय झाला. ‘जूठन’ (१९९७) या हिंदी आत्मकथनाच्या मुळाशी हा सहवासही आहे. केवळ अनुवादांच्या याद्या तपासणाऱ्या तौलनिक अभ्यासकाला तो सापडणार नाही.

अशा वाचनाने व्यक्तीच्या कर्तृत्वाला उणेपणा येतो, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुतः या लेखकांनीच आई-बाप, मास्तर, वसतिगृहातील सोबती यांची नोंद कृतज्ञतेने केली आहे. नरेंद्र जाधव यांच्या पुस्तकाचे नावच ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) असे आहे. त्यात ‘मी’ नाही. एकाकी नायक बव्हंशी समीक्षेने घडविला.

आणि ही घडण निरुपद्रवी नाही. यश केवळ जिद्दीचे मानले, की जे मागे राहिले त्यांच्यात जिद्द नव्हती, असा निष्कर्ष आपोआप निघतो. मग वसतिगृह आणि शिष्यवृत्ती ही हक्काची साधने न राहता उपकार ठरतात. आत्मकथनातील दुय्यम पात्रांकडे लक्ष देणे हा केवळ वाङ्मयीन काटेकोरपणाचा प्रश्न नाही. तो न्यायाचाही आहे.