आयसोब्युटेनॉलचा भाव कोण ठरवणार?

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मुरले. आता साखर कारखान्यांचे डोळे डिझेलकडे लागले आहेत. डिझेलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग फसला, आता आयसोब्युटेनॉल घालून पाहत आहोत, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर 2025 मध्ये सांगितले. हे काम पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेकडे आहे. त्याचे बरेवाईट सोसणार तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावरचे मालट्रक आणि भोसरी एमआयडीसीतले जुने टेम्पो.

इथेनॉल फसले यात नवल नाही. त्याच्या अंगच्या ऑक्सिजनमुळे काजळी घटते, हे खरे. पण डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत इंधनाने आपणहून पेट घ्यायचा. ही तत्परता सीटेन अंकात मोजतात. बीएस-6 डिझेलला तो किमान 51 लागतो, इथेनॉलचा दहाच्या आतबाहेर. पेटायला उशीर झाला की साचलेले इंधन एकदम भडकते आणि इंजिन ठोकू लागते. त्यावर सीटेन वाढवणारे रसायन तरी आहे. पण फ्लॅश पॉइंटचे, म्हणजे इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते त्या किमान तापमानाचे काय? डिझेलला किमान 35 अंश सेल्सिअस हवा. थोडे इथेनॉल पडले तरी तो 15च्या आसपास उतरतो. चाकणमधल्या शेडमागे डिझेल जनरेटरसाठी भरून ठेवलेले बॅरल मग साठवणुकीच्या नियमांत थेट पेट्रोलच्या पंगतीला बसते.

आयसोब्युटेनॉल हेही अल्कोहोलच, पण त्या मानाने गुणी. डिझेलमध्ये नीट मिसळते, ओलाव्याने सहसा वेगळे होत नाही. पण त्याचाही फ्लॅश पॉइंट 28च्या आसपास, सीटेनही कमीच. शिवाय लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा सुमारे चतुर्थांशाने कमी; म्हणजे 10 टक्के मिश्रणात अडीच टक्क्यांची तूट. ट्रकवाला भाडे किलोमीटरवर घेतो आणि डिझेल लिटरवर भरतो. ही तूट त्याच्याच खिशातून जाणार.

म्हणून चाचण्या नव्या बीएस-6 इंजिनांवरच आटोपू नयेत. लाखो किलोमीटर पळालेल्या बीएस-3 टेम्पोचा पंप, नोझल आणि रबरी सीलही तपासावेत. ई-20च्या, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलच्या वेळी जुन्या गाडीवाल्यांना बहुतेक पंपांवर दुसरे साधे पेट्रोल निवडायची सोय उरली नाही. डिझेलच्या बाबतीत चाचणीचा अहवाल आधी जाहीर करा, घटलेल्या ऊर्जेइतका भाव उतरवा आणि साध्या डिझेलचे एक नोझल प्रत्येक पंपावर चालू ठेवा. हे जमणार नसेल, तर मळीपासून बनणाऱ्या अल्कोहोलच्या खपाचा प्रश्न कारखान्यांनी दुसरीकडे सोडवावा.