कीपरचे ग्लोव्ह कुणाच्या खिशातून?



इथं जुन्या मैदानांच्या, तालमींच्या, शाळेच्या टीमच्या आठवणी बऱ्याच जणांनी लिहिल्या. लेले मैदान आलं, सेंट पॉल्सच्या मैदानावरची फादर एडी स्पर्धा आली, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला चोरून मॅच बघायला गेलेली पोरं आली. सगळ्यात फॉरवर्ड खेळणारे भेटले, पंचांशी भांडणारे तर फारच भेटले. गोलमध्ये उभं राहणाऱ्याबद्दल मात्र कुणी फारसं लिहिलेलं दिसलं नाही. माझं निपाणीत खेळाच्या साहित्याचं छोटं दुकान आहे आणि त्यातही कीपरचं साहित्य हा माझा खास माल. फुटबॉलचे ग्लोव्ह, हॉकीचे पॅड, किकर, गार्ड. म्हणून कीपरच्या बाजूनं चार गोष्टी मीच लिहितो. पटलं नाही तर खाली बिनधास्त भांडा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कीपरचं साहित्य मंडळानं घ्यावं, शाळेनं घ्यावं. पोरानं घरातून आणायचं नाही. बॉल जसा सगळ्यांचा, जाळी जशी सगळ्यांची, तसे ग्लोव्हही टीमचे असावेत.

आता हे सांगायची वेळ का आली ते बघा. आपल्याकडं गल्लीत कीपर कोण होतो? ज्याच्याकडं बूट नाहीत तो. नाहीतर सगळ्यात बारका, नाहीतर सगळ्यात जाड. "तू गोलात ऱ्हा, तुला पळायला नको" असं म्हणून उभं केलेलं पोरगं. त्यातलं एखादं खरंच चांगलं निघतं. त्याला उडी जमते, भीती नसते, बॉल कुठं येणार ते आधी कळतं. मग टीम त्याला म्हणते, आता स्पर्धा हाय, ग्लोव्ह घेऊन ये. म्हणजे बूट नाहीत म्हणून ज्याला गोलात ढकललं, त्यालाच सगळ्यात महाग साहित्य आणायला सांगायचं. हा हिशोब मला आजवर कळलेला नाही.

माझ्या दुकानात अशी पोरं आईला घेऊन येतात. निपाणीची आई म्हटल्यावर तुम्हाला कळलं असेल, हजार विड्या वळल्या की त्यावर मजुरी मिळते तशातली. ती ग्लोव्ह हातात घेऊन उलटसुलट बघते. "किती पडतंय?" विचारते. मी आकडा सांगतो. ती पोराकडं बघते, पोरगं खाली बघतं. तिच्या डोक्यात तेव्हा विड्या मोजणं चालू असतं, हे मला समोर दिसतं. अशा गिऱ्हाइकाला माल विकताना नफ्याचा आनंद होत नाही, खरं सांगतो.

आणि त्याच पोराच्या मंडळाचा स्पर्धेच्या वेळचा खर्च बघा. चौकात डिजिटल बोर्ड, त्यावर पन्नास जणांचे फोटो. साउंड सिस्टीम. पाहुण्यांना फेटे, नारळ, शाली. हे नको असं मी म्हणत नाही, उत्साह पाहिजेच. पण त्या बोर्डाच्या पैशात दोन जोड चांगले ग्लोव्ह येतात आणि ते पुढच्या स्पर्धेलाही राहतात.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. "ग्लोव्ह कंपल्सरी कुठं हायत?" बरोबर आहे. फुटबॉलच्या नियमात शिनगार्ड सक्तीचे आहेत, कीपरचा शर्ट वेगळ्या रंगाचा पाहिजे हेही लिहिलंय, पण ग्लोव्ह घातलेच पाहिजेत असं कुठं नाही. म्हणून मंडळ हात झटकतं. हॉकीत ती सोय नाही. तिथं कीपर म्हणून उभं राहायचं तर डोक्याला हेल्मेट, पायाला गार्ड आणि किकर पाहिजेतच. आणि हॉकीचा पूर्ण संच साधा घेतला तरी पंधरा-वीस हजारांखाली बसत नाही. शाळेनं तो घेतला नाही तर त्या गावातून हॉकीचा कीपर निघतच नाही. फुटबॉलमध्ये निदान उघड्या हातानं पोरगं उभं राहू शकतं. बोटं सुजतात, अंगठा मागं वळतो, पण उभं राहतं. आपण त्या सहनशक्तीवर पैसे वाचवतो.

हॉकी निघाली म्हणून सांगतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आपल्या बेळगावातलं. त्या रेजिमेंटमधून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले शंकर लक्ष्मण हे भारताचे गोलकीपर. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो, तीन ऑलिंपिक फायनल, तिन्ही पाकिस्तानशी. या तीन फायनलमध्ये मिळून त्यांनी खाल्लेला गोल एकच, रोमचा. टोकियोच्या त्या सोनेरी टीममध्ये आपल्या बेळगावचे बंडू पाटीलही होते. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत शंकर लक्ष्मण कॅप्टन होते आणि सोनं आणलं. तेव्हाचे पॅड म्हणजे वेताच्या काड्या आणि कापूस भरलेले, क्रिकेटच्या पॅडचेच भाऊ. आजच्या फोमच्या किकरवर बॉल आपटून लांब जातो, तसलं काही नव्हतं. हा माणूस २००६ मध्ये महूला गँगरीननं गेला, शेवटी उपचारालाही पैशांची ओढाताण होती. आपल्याच भागातल्या रेजिमेंटचा माणूस, आणि आपल्या किती पोरांना हे नाव ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट श्रीजेशची. त्याच्या वडिलांनी गाय विकून त्याला कीपरचं साहित्य घेऊन दिलं, ही गोष्ट टोकियोच्या ब्राँझनंतर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. लोक डोळ्यांत पाणी आणून पुढं पाठवत होते. बापाचं कौतुक आहेच, ते कोण नाही म्हणेल? पण मला दुकानदार म्हणून एकच प्रश्न पडतो. गाय विकायची वेळ का यावी? आणि ज्यांच्या दावणीला गायच नव्हती, अशी किती पोरं गोल सोडून घरी गेली असतील? त्यांचे व्हिडिओ कुणी करत नाही.

आता धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे दुकानदार एवढं का बोलतोय ते कळेल.

टीममध्ये अकरा जण, त्यात कीपर एक. बुटाचं दुकान घातलं तर अकरा गिऱ्हाइकं, ग्लोव्हचं घातलं तर एक. त्यामुळं एका गावावर हा धंदा चालतच नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, आणि पलीकडं कागल, गडहिंग्लज, कोल्हापूर मिळून कुठं तो उभा राहतो. गडहिंग्लज तर फुटबॉलचं वेड असलेलं गाव. पण मध्ये कोगनोळीचा नाका आहे. गडहिंग्लजचं पोरगं दुकानात येऊन हातात घालून ग्लोव्ह घेऊन गेलं तर ती इथलीच विक्री. तेच ग्लोव्ह मी पार्सलनं पाठवले की माल दुसऱ्या राज्यात गेला. कर्नाटकात ४० लाखांच्या आत उलाढाल असली तर साध्या दुकानदाराला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. कंपोझिशनवाल्याला तर पाठवताच येत नाही. शिवाय सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की पहिल्यांदा एसटी बंद होते. इकडची गाडी नाक्याच्या इकडं, तिकडची तिकडं. पोरांची मॅच रविवारी आणि पार्सल अडकलेलं. गोलात मराठी पोरगं आहे की कन्नड, हे बॉल बघत नाही. "काका, नऊ नंबर हाय काय?" आणि "अण्णा, एष्ट री?" दोन्ही माझ्या काउंटरवर एकाच तासात ऐकू येतं.

माल कसा निवडायचा, तेही सांगून ठेवतो, कारण इथं पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. टीव्हीत दिसतात तसे महागातले ग्लोव्ह म्हणजे मऊ लेटेक्सचे. पकड झकास, पण ते हिरवळीसाठी आहेत. आपल्या मुरमाच्या मैदानावर चार उड्या मारल्या की तळवा सालपटासारखा निघतो. इथं थोडं कडक रबर, जाड तळवा, कमी किमतीतला जोडच जास्त टिकतो. माप घ्यायचं तर अंगठा सोडून तळव्याभोवती टेप फिरवा, इंचात जेवढं भरेल त्यात एक मिळवा. सात भरलं तर आठ नंबर. पोरगं वाढतंय म्हणून दहा नंबर घेऊ नका, बोटं आत फिरतात आणि बॉल सुटतो. वापरायच्या आधी तळवा थोडा ओला करा. मॅच झाली की कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा. उन्हात टाकले की लेटेक्स कडक होऊन तडकतो. बेळगावच्या पावसाळ्यात ओलेच पिशवीत कोंबले तर तळवे एकमेकांना चिकटून सोलतात. लेटेक्स नुसता पडून राहिला तरी वाळतो, म्हणून दुकानात तीन वर्षांपूर्वीचा माल "स्वस्तात देतो" म्हणून कुणी दिला तर आधी अंगठ्यानं दाबून बघा.

मंडळवाल्यांचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, पोरं मंडळाची वस्तू जपत नाहीत. मग वही ठेवा. कुणी नेले, कधी परत दिले, सही. तालमीत लेझीम, ढोल वर्षानुवर्षं जपलेत ना? दुसरा, प्रत्येकाचं माप वेगळं. एक आठचा आणि एक नऊचा जोड घ्या, बहुतेक पोरं त्यात बसतात. लहान गटाला सहाचा एक. तिसरा, घाम, वास. आत घालायला पातळ सुती मोजा प्रत्येकानं आपला आणावा, तो किरकोळ पैशात येतो. चौथा आक्षेप तोंडावर कुणी बोलत नाही, पण मनात असतो. हा दुकानदार स्वतःची विक्री बघतोय. तर ऐका. आज एका मंडळाची तीन पोरं माझ्याकडून तीन जोड घेतात. उद्या मंडळानं घेतले तर दोन जोडांत भागेल. माझा एक जोड कमीच खपेल. खपू दे कमी.

यंदाच्या वर्गणीच्या पावत्या फाडताना एवढंच करा. जमा-खर्चाच्या कागदावर जिथं मंडप, साउंड, बोर्ड लिहिता, तिथं आणखी एक ओळ घाला: कीपरचं साहित्य. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीही बघावं. गॅदरिंगला ढाल देण्यापेक्षा शाळेला हॉकीचा एक संच द्या. तो पाच-सहा बॅचेसना पुरतो. स्पर्धा भरवणाऱ्यांनी बेस्ट गोलकीपरला चषकाऐवजी एक चांगला जोड द्यावा. चषक कपाटावर धूळ खातो, जोड पुढच्या मॅचला हातात असतो.

टायब्रेकरला मॅच गेली की अख्खी गल्ली ज्याच्या नावानं ओरडते, त्याच्या हातात निदान आपण घेतलेले ग्लोव्ह असावेत, एवढं तर आपल्याकडून व्हायला हरकत नाही.

आता तुमची पाळी. तुमच्या गल्लीत, तुमच्या शाळेत गोलात कोण उभं राहायचं? त्याच्या हातात काय असायचं? मोजे, क्रिकेटचे ग्लोव्ह, की काहीच नाही? लिहा. आणि तो अजून गावात असेल तर त्याला टॅग करा, त्याची आठवण कुणी काढत नाही.