माल सुटतो, माणूस अडकतो

"राजकीय व सुरक्षाविषयक जोखीम." खनिज वाहतुकीच्या कुठल्याही अहवालात हे शब्द सापडतात. वाचायला किती स्वच्छ वाटतात! या जोखमीला दर असतो, टक्केवारी असते, विमा असतो. माझा प्रश्न साधा आहे. ही जोखीम नक्की कोणाची? खनिजाची? जहाजाची? खाणमालकाची? की इंजिन रूमच्या भट्टीत बारा-बारा तास काढणाऱ्या वेंगुर्ल्याच्या, दापोलीच्या, श्रीवर्धनच्या पोराची?

गेल्या काही वर्षांतल्या घटना मांडतो. तुम्हीच ठरवा.

एप्रिल 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाने कोरोनाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. चीन भडकला. आधी ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर जबर कर, मग कोळसा अडवला, मग वाइनवर कर. या भांडणात ऑस्ट्रेलियन कोळसा घेऊन गेलेली कितीतरी जहाजं चीनच्या किनाऱ्यावर नांगर टाकून उभी राहिली. त्यातली दोन आपल्या माणसांची. जून 2020 पासून जिंगतांग बंदराबाहेर 'जग आनंद', त्यावर 23 भारतीय. सप्टेंबरपासून काओफेइदियनबाहेर 'अनास्तासिया', त्यावर 16 भारतीय. माल उतरवू देत नाहीत, माणसं बदलू देत नाहीत, निघून जायलाही परवानगी नाही. चीनचं अधिकृत उत्तर होतं: साथीचे नियम आहेत, राजकारणाचा संबंध नाही.

ठीक आहे, साथीचे नियम. मग हे सांगा, की त्याच काळात, त्याच काओफेइदियनमध्ये लोहखनिजाची जहाजं कशी रिकामी होत होती? कारण उघड आहे. चीन आयात करत असलेल्या लोहखनिजातलं साधारण 60 टक्के ऑस्ट्रेलियातून येतं. ब्राझीलमध्ये जानेवारी 2019 ला ब्रुमाजिन्योचं धरण फुटलं आणि तिथला पुरवठा आधीच घटला होता. डिसेंबर 2020 मध्ये लोहखनिजाचा भाव टनाला 150 डॉलरच्या वर गेला, तरी चीन मुकाट्याने पैसे मोजत होता. पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या विझू द्यायच्या नव्हत्या ना! म्हणजे भांडण त्याच देशाशी, जहाजं त्याच देशातून आलेली, पण लोहखनिज आत आणि कोळसा बाहेर. कोळशासोबत आपले 39 जण बाहेर. 'जग आनंद' जानेवारी 2021 मध्ये जपानच्या चिबाला गेलं तेव्हा कुठे त्यावरची माणसं घरी आली. 'अनास्तासिया'वरच्यांना त्यानंतरही थांबावं लागलं.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं आपल्याकडे म्हणतात. इथे तिसऱ्याच्या वाट्याला नांगरावरची कैद आली.

दुसरी घटना पश्चिम आफ्रिकेतली. 5 सप्टेंबर 2021, गिनी. लष्कराने राष्ट्राध्यक्ष अल्फा कोंडे यांना पकडलं, राज्यघटना गुंडाळली, सीमा बंद केल्या, संचारबंदी लावली. गिनी म्हणजे बॉक्साइटचं कोठार. चीनच्या बॉक्साइट आयातीतला अर्ध्याहून जास्त हिस्सा तिथला. जगात ॲल्युमिनियमचा भाव दहा वर्षांतल्या उच्चांकावर गेला. आणि नव्या लष्करशहांनी पहिल्या दोन दिवसांत कुठली घोषणा केली असेल? खाणींच्या भागात संचारबंदी नाही, खनिजाच्या निर्यातीसाठी सागरी सीमा खुली! माणसाने रात्री घराबाहेर पडायचं नाही, बॉक्साइटने खुशाल पडावं.

हे दोन प्रसंग एकत्र वाचले की कायदा कळतो. बड्यांना ज्या मालाची गरज, त्या मालाला युद्धातही वाट मिळते. माणसाची गरज सहज भागते, एक गेला की दुसरा रांगेत उभाच असतो.

आता गोळीबाराकडे येऊ. 2 मार्च 2022 ला युक्रेनच्या ओल्विया बंदरात 'बांगलार समृद्धी' या बांगलादेशी जहाजावर मारा झाला आणि एक तरुण इंजिनियर गेला. ते जहाज तिथे कशासाठी गेलं होतं? माती भरायला. कारखान्यांना लागणारी माती न्यायला गेलेल्या पोराचा जीव गेला. त्याच मिकोलाइव्हच्या परिसरात 75 भारतीय खलाशी अडकले होते. दूतावासाने बस मिळवून त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं.

मग तांबडा समुद्र. नोव्हेंबर 2023 पासून हुथींचे हल्ले सुरू झाले. बातम्यांत सगळी चर्चा कंटेनरची, तेलाची. पण मेले कोण ते बघा. 6 मार्च 2024, 'ट्रू कॉन्फिडन्स', तिघे ठार. जून 2024, कोळशाचं 'ट्यूटर', इंजिन रूममधला एक खलाशी गेला आणि जहाज बुडालं. जुलै 2025, 'इटर्निटी सी', पुन्हा मृत्यू, पुन्हा जहाज तळाला, वाचलेल्यांतले काही जण हुथींच्या ताब्यात. तिन्ही बल्क कॅरियर. खनिज, कोळसा, धान्य, खत, पोलाद, जे मिळेल ते वाहणारी, हळू चालणारी जहाजं. मोठ्या कंटेनर कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून दहा-चौदा दिवस जास्त घालवू लागल्या. स्वस्त मालाच्या जहाजाचा मालक मात्र इंधनाचा हिशोब करतो आणि म्हणतो, जाऊन बघू.

विम्याचं गणितही बघा. तांबड्या समुद्राच्या एका फेरीचा युद्ध-विमा 2024 च्या सुरुवातीला जहाजाच्या किमतीच्या 0.7 ते 1 टक्क्यापर्यंत गेला. समजा जहाज 5 कोटी डॉलरचं, तर एका फेरीला साडेतीन ते पाच लाख डॉलर, नुसत्या लोखंडाच्या सांगाड्याचे. खलाशाला काय? ज्या जहाजावर आयटीएफशी संलग्न संघटनांचा करार आहे, तिथे घोषित युद्धक्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क आहे, कंपनीच्या खर्चाने घरी परत यायचा हक्क आहे. गेलात तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट. कागदावर उत्तम. पण ज्या जहाजावर असा करारच नाही, तिथे काय? आणि पहिल्याच फेरीला निघालेला, कोर्सचं कर्ज डोक्यावर असलेला पोरगा कॅप्टनसमोर "मी येत नाही" म्हणेल? पुढच्या वेळी एजंट त्याचा फोन तरी उचलेल का?

हे सगळं दूरचं वाटत असेल तर घराशेजारी या. गोवा. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजचं नूतनीकरण रद्द. पुढे मे 2022 मध्ये केंद्राने लोहखनिजावर 50 टक्के निर्यात शुल्क लावलं, तेही गोव्यासारख्या कमी प्रतीच्या मालावर, ज्यावर आधी शून्य होतं. सहा महिन्यांत मागे घेतलं.

बेकायदा उत्खनन थांबायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण किंमत कोणी मोजली? ज्यांनी डोंगर पोखरले ते आधीच गब्बर झालेले. अडकले ते हप्त्यावर ट्रक घेतलेले, मांडवी-झुआरीतल्या बार्जवर काम करणारे, मुरगावच्या धक्क्यावर राबणारे. आमच्या सिंधुदुर्गातलेही त्यात होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

काही मित्र म्हणतील, "डॉलरमध्ये पगार घेतात, धोका माहीत असतो, मग रडायचं कशाला?" अहो, सैनिक देशासाठी शपथ घेऊन जातो. बोटीवरचा पोरगा नोकरीला जातो. दोन देशांच्या भांडणात ओलीस राहायचं, असं त्याच्या नेमणूकपत्रात कुठे लिहिलेलं असतं?

दुसरे म्हणतील, "नौदल आहे ना." आहे, आणि अभिमान आहेच. 'ट्रू कॉन्फिडन्स'वरच्या 21 जणांना आयएनएस कोलकाताने वाचवलं. मार्च 2024 मध्ये चाच्यांच्या ताब्यातल्या 'रुएन'वरून 17 जण सोडवले आणि 35 चाचे मुंबईला आणले. पण नौदल पोहोचतं ते आग लागल्यावर. आणि चीनच्या बंदराबाहेर नांगरून पडलेल्या जहाजासाठी युद्धनौका पाठवता येत नाही. तिथे दिल्लीने वेळेवर आणि मोठ्याने बोलावं लागतं.

कायद्यातही भोक आहे. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे चाच्यांनी ओलीस धरलं तर पगार चालू राहतो. मालकाने वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतच्या थकीत पगाराची हमी आहे. पण एखादं सरकारच जहाज अडवून बसलं तर? ते चाचेगिरीत मोडत नाही. पैसे मिळत राहिले तर मालकाने सोडलं असंही म्हणता येत नाही. 2024 मध्ये वाऱ्यावर सोडलेल्या 3,133 खलाशांची नोंद आयटीएफने केली, त्यात सर्वाधिक भारतीय होते, 899. नांगरावर कुजत पडलेल्यांचा हिशोब कोण ठेवतो?

म्हणून मागण्या तीनच.

एक, नौवहन महासंचालनालयाकडे नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक करारात, जहाजावर संघटना असो वा नसो, युद्धक्षेत्राला नकार देण्याचा हक्क ठळकपणे असावा. आणि तो पोराच्या आईबापालाही कळेल अशा भाषेत असावा. नकार दिला म्हणून काम बंद करणाऱ्या एजंटचा परवाना जावा.

दोन, एखाद्या देशाने 30 दिवसांहून जास्त जहाज अडवलं तर माणसं बदलणं ही परराष्ट्र खात्याची जबाबदारी ठरावी. माल राहू दे तिथेच. माणूस घरी आला पाहिजे.

तीन, युद्ध-विम्याशिवाय जहाज धोक्याच्या पट्ट्यात शिरत नसेल, तर खलाशाच्या जीवाच्या विम्याचा कागद त्याच्या घरी पोहोचल्याशिवायही शिरता कामा नये.

आणि ज्यांच्या घरातलं कोणी निघालंय त्यांनी एवढं कराच. एजंटचा आरपीएसएल परवाना महासंचालनालयाच्या वेबसाइटवर तपासा. जहाजाचा आयएमओ नंबर मागा, झेंडा कुठल्या देशाचा ते विचारा, विमा कोणाचा ते विचारा, माल काय आणि मार्ग कोणता तेही विचारा. "ते तिकडे गेल्यावर कळेल" असं उत्तर आलं तर पाय मागे घ्या.

कोकणातल्या खासदार-आमदारांनो, शिमग्याला-गणपतीला बोटीवरच्या माणसांकडून वर्गणी घेता, सत्कार करता. एकदा त्यांच्यासाठी सभागृहात प्रश्नही विचारा. पुढचं जहाज कुठल्या भांडणात अडकेल सांगता येत नाही. त्यावर आपल्याकडचं कोणीतरी असेल, हे मात्र आजच सांगता येतं.

पटलं तर पुढे पाठवा. पटलं नाही तर खाली भांडा, पण आकडे घेऊन या.