रेषा बरोबर, टोक चुकलं

‘ह्यूमन एरर’ हे दोन शब्द दिसले की माझं डोकं फिरतं. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं, की दुसऱ्या दिवशी रूट कॉजच्या रकान्यात हे शब्द टाकायचे आणि सगळे जेवायला मोकळे! चूक कोणाची ते ठरलं, म्हणजे कारण सापडलं असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. का, ते सांगायला ‘लेडी बी गुड’ची गोष्ट सांगतो.

‘लेडी बी गुड’ हे अमेरिकन बी-२४ लिबरेटर बॉम्बर. ४ एप्रिल १९४३ ला लिबियातल्या सोलुकहून ते इटलीतल्या नेपल्सवर बॉम्ब टाकायला निघालं. आत नऊ जण, आणि एक टीम म्हणून त्यांची ही पहिलीच मोहीम. धुळीच्या वादळात बाकीच्या विमानांपासून ते वेगळं पडलं. नेपल्सजवळ पोचेपर्यंत अंधार झाला, मग बॉम्ब समुद्रात टाकून परत फिरलं.

मध्यरात्रीनंतर पायलट हॅटनने रेडिओवरून बेनिनाच्या तळाकडे दिशा विचारली. उत्तर आलं, ३३० अंश. म्हणजे तुम्ही तळाच्या वायव्येला, समुद्रावर आहात, आग्नेयेला चालत राहा. प्रत्यक्षात विमान तळ ओलांडून वाळवंटावर गेलेलं होतं.

आता गंमत बघा. त्या काळच्या साध्या लूप अँटेनाला सिग्नल कुठल्या रेषेवर आहे ते कळतं, पण रेषेच्या पुढच्या टोकाला की मागच्या, ते एकट्याने कळत नाही. तुम्ही एक्सप्रेसवेवर आहात हे कळावं, पण लोणावळा पुढे आहे की मागे राहिलं ते कळू नये, तसंच. पुढे सैन्याच्या तपासात हाच अंदाज निघाला, की रीडिंग उलट्या बाजूचं घेतलं गेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्याच रेषेवर तुम्ही तळापासून कितीही लांब गेलात तरी आकडा बदलत नाही. यंत्र खोटं बोलत नव्हतं. अर्धं खरं बोलत होतं.

विमान दोन तास तसंच दक्षिणेकडे उडत राहिलं. इंधन संपत आलं तेव्हा सगळ्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या. किनाऱ्यापासून सुमारे ७०० किलोमीटर आत! वोराव्काचं पॅराशूट नीट उघडलं नाही, तो तिथेच गेला. उरलेले आठ जण एकत्र आले आणि किनारा जवळच असेल या समजुतीने उत्तरेकडे चालू लागले. आठ जणांत पाण्याचा एक कॅन्टीन. वाटेत पॅराशूटच्या पट्ट्यांच्या खुणा सोडत गेले. शंभरेक किलोमीटरवर पाच जण थांबले. शेली, रिप्सलिंगर आणि मूर मदत आणायला पुढे गेले. को-पायलट टोनरच्या डायरीतली शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे.

इकडे शोध चालला होता समुद्रात. विमान वाळवंटात आहे हे कळलं १९५८ मध्ये, तेल शोधणाऱ्यांना वरून दिसलं तेव्हा. उड्या मारल्या तिथून ते सुमारे २६ किलोमीटर दक्षिणेला पोटावर उतरलं होतं. आत थोडं पाणी, खाणं आणि चालू रेडिओ! १९६० मध्ये आठ जणांचे मृतदेह सापडले, मूरचा अधिकृतपणे कधीच नाही.

बरेच जण म्हणतात, नॅव्हिगेटर हेज नवखा होता, त्याने घोळ केला. असेल केला. पण त्याला काढून दुसरा बसवला, तरी रात्र तीच, अँटेना तीच, आणि उत्तर एकच. दुसऱ्या एखाद्या तळावरून आडवी रेषा मिळाली असती, तर दोन्ही जिथे छेदतात तिथे विमान, इतकं ते सोपं होतं. ते दुसरं रीडिंग घ्यायलाच हवं असा नियम नसेल, तर दोष एकट्या हेजचा कसा?

आणि ‘दक्षिणेला का गेले नाहीत’ हा प्रश्न तर नकाशा समोर ठेवून एसीत बसलेल्याचा आहे. त्यांच्याकडे असलेल्या माहितीवर उत्तरेला जाणंच शहाणपणाचं होतं.

मंडळी, ‘ह्यूमन एरर’ लिहून फाईल बंद केली, की तीच अर्धी खरी अँटेना पुढच्या विमानावर तशीच राहते. तेव्हा पुढच्या वेळी त्या रकान्यात कोणाचं नाव लिहिण्याआधी एवढंच विचारा: त्या रात्री त्याला समोर दिसत काय होतं?